विकणाऱ्याने आधी पैसे का भरायचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जमीन असो, घर असो की बैलजोडी, व्यवहार ठरला की संचकार, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, देतो तो घेणारा. विकणारा तो मोजून घेतो आणि मगच कागद पुढे सरकतात. हा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. तरीही याच भागातली, आयुष्यभर बँकेत, शाळेत, कारखान्यात दुसऱ्यांचे हिशेब चोख सांभाळलेली माणसं एका बाबतीत हा क्रम फोनवरून उलटा होऊ देतात. हॉलिडे क्लबची जुनी मेंबरशिप, म्हणजे टाइमशेअर, विकायची म्हटली की विकणाराच पैसे भरायला लागतो. आधी फाईल चार्ज, मग जीएसटी, मग एनओसी. पैसे जातात आणि मेंबरशिप त्याच्याच नावावर राहते.

अशी बातमी आली की कट्ट्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: हाव सुटली, दुसरं काय. मला हे मान्य नाही. ही फसवणूक फोफावली आहे, कारण टाइमशेअरमधून बाहेर पडायचा सरळ रस्ता बहुतेक क्लबांनी ठेवलेला नाही आणि तो ठेवायला भाग पाडणारा कायदा आपल्याकडे नाही. दार बंद असलेल्या घरात अडकलेल्या माणसाला खिडकीतून कुणी हात दिला तर तो हात धरणारच. तो हात कुणाचा आहे हे तपासायला त्याला शिकवलं पाहिजे, हे खरं. पण दार कुणी बंद केलं, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

भारतात टाइमशेअर रुजला तो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८६ मध्ये स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स सुरू झाली, १९९६ मध्ये महिंद्रा हॉलिडेज आली आणि २५ वर्षांची मेंबरशिप ही गोष्ट मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली. मागोमाग लहानमोठे कितीतरी क्लब निघाले. काही टिकले, काही दुसऱ्याच्या ताब्यात गेले, काही बंद पडले. एकदा मोठी रक्कम भरायची, दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहायचं आणि देखभालीसाठी वर्षाला फी देत राहायचं, अशी ती रचना. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, निपाणीचे तंबाखू व्यापारी, कॅम्पातले निवृत्त लष्करी अधिकारी, डॉक्टर, बँकवाले, अशा हातात चार पैसे आलेल्या घरांत या मेंबरशिपा गेल्या. विकायची तऱ्हा अनेकांना आठवत असेल. प्रदर्शनात किंवा पेट्रोल पंपावर कूपन भरलं, थोड्या दिवसांनी फोन आला की तुम्हाला बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी अमुक हॉटेलात या. तिथं दोन-तीन तास बसवून घेतलं, मोठ्या स्क्रीनवर बर्फ आणि समुद्र दाखवला, आणि ‘ही किंमत फक्त आजची’ म्हणून जागेवर चेक लिहून घेतला. करार इंग्रजीत, बारीक अक्षरांत. तो त्या रात्री कुणी वाचला नाही, कारण वाचायला वेळ मिळू नये अशीच ती संध्याकाळ आखलेली होती.

पुढची गोष्ट घरोघर सारखी आहे. मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात गेली. दिवाळीत आणि मेमध्ये हवं ते ठिकाण मिळत नाही. मिळतं ते ऐन पावसाळ्यात, तेही दूरच्या राज्यात. गुडघे दुखायला लागल्यावर मनाली कुणाला हवी? शिवाय बेळगावकराला मुळात सुट्टीसाठी क्लब लागतोच कुठे! चोर्ला घाट उतरलं की गोवा, अलीकडे आंबोली, पलीकडे दांडेली; सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचावं अशी सगळी ठिकाणं. वार्षिक फी मात्र चुकत नाही. ती दर काही वर्षांनी वाढते, वर १८ टक्के जीएसटी. फी थकली की बुकिंग बंद, आणि बुकिंग बंद असलं तरी फी चालूच. मग एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, विकून टाका की हे लचांड.

इथं पहिलं कटू सत्य पचवावं लागतं. जुन्या मेंबरशिपला बाजारात किंमत फार थोडी येते. ज्या रकमेला ती घेतली त्यातला मोठा भाग हॉटेलातल्या त्या संध्याकाळी, बक्षिसांवर, विक्रेत्यांच्या कमिशनवर खर्च झालेला असतो; तो मेंबरशिपमध्ये कधी उतरलेलाच नसतो. बहुतेक मेंबरशिपांत जागेची मालकीही नसते, असतो तो ठरावीक वर्षं वापरण्याचा हक्क. वर्षं सरतात तसा हक्क आटत जातो. पंचवीसपैकी सोळा वर्षं उलटलेली मेंबरशिप घेणारा उरलेल्या नऊ वर्षांचा हिशेब करतो, त्यातून येणाऱ्या फीचा बोजा वजा करतो, आणि मग काही उरलंच तर तेवढं देतो. क्लबची नाव बदलण्याची फी वेगळी. काही करारांत दुसऱ्याच्या नावावर गेल्यावर मूळ मेंबरच्या सवलतीही जातात. सोन्यासारखी किंवा जमिनीसारखी ही वस्तू कधीच वाढत नाही.

म्हणूनच फसवणूक ओळखायची पहिली खूण फोनवर पहिल्याच मिनिटाला मिळते. ‘तुम्ही दोन लाख भरले होते ना? आमच्याकडे पार्टी आहे, साडेचार द्यायला तयार आहे.’ जी वस्तू खऱ्या बाजारात मूळ किमतीच्या आसपासही जात नाही तिला कुणी दुप्पट देत असेल, तर त्याला ती वस्तू नकोच आहे. त्याला तुमचे पैसे हवे आहेत.

टिळकवाडीतल्या माझ्या परिचयाच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना असाच फोन आला. बोलणाऱ्या बाईंना त्यांचं नाव, मेंबरशिप नंबर, भरलेली रक्कम, एवढंच नव्हे तर किती वर्षांची फी थकली आहे हेही ठाऊक होतं. ‘सर, सर’ म्हणत अदबीनं बोलत होत्या. त्यांच्याकडे म्हणे एक मोठी कंपनी होती आणि तिला कर्मचाऱ्यांसाठी एकगठ्ठा मेंबरशिपा हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पत्र आलं. शिक्का, सही, पॅन नंबर, जीएसटी नंबर, वर साहेबांच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टचा फोटो. ड्राफ्ट तयार आहे, फक्त फाईल चार्ज भरा, तोही परत मिळणारा. रक्कम किरकोळ होती. त्यांनी ती भरली आणि तिथून हप्ते सुरू झाले.

या हप्त्यांची कारणं जवळपास नेहमी तीच असतात, आणि त्यातलं एकही कारण तपासाला टिकत नाही. म्हणून जरा थांबून एकेक पाहूया.

जीएसटी. स्वतःची एक जुनी मेंबरशिप विकणारा निवृत्त माणूस हा काही व्यापारी नव्हे. विक्रीच्या रकमेवर त्याने अनोळखी एजंटाच्या खात्यात जीएसटी भरायचा, ही कल्पनाच खोटी. क्लब नाव बदलण्याची फी घेईल तेव्हा त्यावर जीएसटी लागेल, पण तो क्लबच्या खात्यात जाईल आणि त्याचं रीतसर बिल मिळेल. टीडीएस. हा कर देणारा माणूस देताना कापून ठेवतो आणि सरकारकडे भरतो. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याने खिशातून टीडीएस आधी पाठवायचा, असं आयकराच्या कुठल्याही कलमात नाही. साडेचार लाख येणारच असतील तर कापून घ्या की त्यातून! एवढं एक वाक्य फोनवर बोलून पाहा, समोरचा गडबडतो. रिझर्व्ह बँकेचं क्लिअरन्स. देशातल्या देशात एकानं दुसऱ्याला पैसे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि रिझर्व्ह बँक सामान्य माणसाकडून फोनवरून कसलेही पैसे मागत नाही. हे तिने स्वतः वारंवार जाहीर केलं आहे. एनओसी. ती द्यायचीच असेल तर क्लब देतो. मग एजंटाला पैसे कशाचे? आणि शेवटी ‘आता पैसे जमा होतायत, ॲपवर पिन टाका.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत.

सगळ्यात घातक तो यापुढचा फोन. काही महिने गेले, माणूस गप्प झाला, की वकील म्हणवणारा दुसरा कुणी फोन करतो. तुम्हाला त्या टोळीने फसवलंय, आमच्याकडे केस आलीय, तुमचे सगळे पैसे काढून देतो, फक्त कोर्ट फी भरा. पहिल्या टोळीनेच यादी विकलेली असते किंवा तीच टोळी आवाज बदलून आलेली असते. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर त्यांच्या लेखी अधिक किमती असतो.

आता हावेचा मुद्दा. दुप्पट किंमत ऐकून मोह पडत नसेल का? पडत असेल. पण मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्या बोलण्यात कमाईचा सूर नव्हता. ‘दरवर्षीची फी तरी सुटेल’, ‘आपल्या मागे पोरांना ताप नको’, हे होतं. ही काळजी ठगांना नेमकी ठाऊक असते. ‘आत्ता विकलं नाहीत तर थकबाकी तुमच्या मुलांकडून वसूल होईल’ ही त्यांची आवडती धमकी. खरं तर मृताच्या देण्यासाठी वारस जबाबदार असतो तो त्याला वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरताच. मुलाच्या पगारातून बापाच्या क्लबची फी कुणी कापू शकत नाही. हे कुणीतरी शांतपणे सांगितलं असतं तर अनेकांनी तो फोन ठेवून दिला असता.

आणि हाव म्हणून हसण्याचा परिणाम काय होतो तोही पाहावा. माणूस बोलत नाही. बायकोला सांगत नाही, मुलाला सांगत नाही, पोलिसांत जात नाही. वेगळ्या प्रकारच्या सायबर टोळीने छळल्यावर खानापूर तालुक्यातल्या एका वृद्ध दांपत्याने २०२५ मध्ये जीव दिला. साऱ्या जिल्ह्याने ती बातमी वाचली. फसलेल्याला मूर्ख ठरवणारी भाषा आपण तेव्हा तरी सोडायला हवी होती.

ही बला आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत ती केवढी वाढली आहे याचा अंदाज मेक्सिकोच्या प्रकरणावरून येतो. प्वेर्तो व्हायार्ता या समुद्रकाठच्या शहराभोवती अमेरिकी निवृत्तांनी टाइमशेअर घेतले. हालिस्को प्रांतातल्या अमली पदार्थांच्या टोळीने फोन करून ते विकून देतो म्हणायला सुरुवात केली, आणि कर, फी, परवाने या नावांखाली पैसे उकळले. एफबीआयच्या आकड्यांनुसार २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी लोकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी केल्या. अमेरिकी अर्थखात्याने त्या टोळीशी संबंधित लोकांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातले. फोनवरचं बोलणं मात्र तिकडेही तेच: घेणारा तयार आहे, तुम्ही फक्त आधी एवढं भरा.

युरोपने या रोगावर मुळाशी औषध दिलं. टाइमशेअरविषयीचा युरोपीय संघाचा निर्देश, क्रमांक २००८/१२२, जानेवारी २००९ मध्ये संमत झाला. त्यात खरेदीदाराला सही केल्यापासून १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत त्याच्याकडून एक पैही घेता येत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची तरतूद पुनर्विक्रीची आहे: दलाल मेंबरशिप विकून देतो म्हणाला, तर प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत किंवा करार संपेपर्यंत त्याने विकणाऱ्याकडून आगाऊ काहीही घ्यायचं नाही. एवढा एक नियम असला की तक्रारदाराला फसवणुकीचा हेतू सिद्ध करत बसावं लागत नाही. आगाऊ पैसे मागितले, इथेच नियम मोडला. ठग कायदा पाळत नाहीत हे मला कळतं. पण असा नियम असेल तर तो क्लबच्या प्रत्येक बिलावर छापता येतो, आणि आज कायदेशीर असल्याचा आव आणून आगाऊ फी घेणारे दलाल तरी उघडे पडतात.

आपल्याकडे आयुर्विम्याची किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. टाइमशेअरला अशी मुदत देणारा स्वतंत्र कायदा नाही. क्लबने दिली तर दिली. खरं म्हणजे आपल्याला याचा धडा एकदा मोठ्या किमतीला मिळालेला आहे. पॅनकार्ड क्लब्ज हे नाव महाराष्ट्रात आणि सीमाभागात कितीजणांच्या जिव्हारी लागलं आहे! हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकायच्या, वापरल्या नाहीत तर मुदतीअंती वाढीव रक्कम परत, अशी ती योजना. सेबीने ती बेकायदा सामूहिक गुंतवणूक ठरवली आणि २०१६ मध्ये ५१ लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. आदेशाने पैसे लगेच हातात आले नाहीत. त्या वेळी चर्चा झाली ती एका कंपनीची. सुट्टीच्या नावाने वर्षानुवर्षांचे करार विकणाऱ्या सगळ्याच धंद्याला एक चौकट हवी, ही मागणी मागे पडली.

ती आता पुढे आणायला हवी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींवर त्याने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, तशी टाइमशेअरवर काढायला हरकत कसली? त्यात माझ्या मते तीन गोष्टी असाव्यात. सही केल्यावर माघारीची मुदत. पुनर्विक्रीत आगाऊ फीला बंदी. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: ठरावीक वर्षं झालेला किंवा ठरावीक वयापुढचा मेंबर मेंबरशिप परत करतो म्हणाला, तर क्लबने ती घेतलीच पाहिजे.

क्लबांचं यावर उत्तर ठरलेलं आहे. करार करारच असतो, एकेकाला सोडत गेलो तर देखभालीचा खर्च उरलेल्यांवर पडेल. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. मेंबर मूळ पैसे परत मागत नाही. तो एवढंच म्हणतो की इथून पुढची फी थांबवा आणि उरलेली वर्षं तुम्ही ठेवून घ्या. ती वर्षं क्लब दुसऱ्याला विकू शकतो, खोली रोजच्या भाड्याने देऊ शकतो. अमेरिकेतल्या काही टाइमशेअर कंपन्या आपल्या मेंबरांकडून टाइमशेअर परत घेण्याची सोय आता स्वतःच देतात, कारण दार बंद ठेवल्याने आपलंच नाव खराब होतं हे त्यांना उमगलं. आणखी एक जबाबदारी क्लबांना झटकता येणार नाही. ठगांना मेंबरचा नंबर, रक्कम, थकबाकी हे सगळं कळतं कुठून? कुठल्या तरी कार्यालयातून, कुठल्या तरी एजंटाच्या लॅपटॉपमधून यादी बाहेर पडल्याशिवाय हे शक्य नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. क्लबांनी आपल्या मेंबरांना या यादीबद्दल उत्तर द्यावं.

कायदा येईल तेव्हा येईल. आज ज्याला मेंबरशिप विकायची आहे त्याने सुरुवात क्लबपासून करावी, फोन करणाऱ्यापासून नव्हे. मूळ करारावर छापलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने विचारावं: माझी थकबाकी किती, नाव बदलायची फी किती, उरलेली वर्षं किती, परत घेण्याची सोय आहे का. उत्तर लेखी घ्यावं. आलेल्या फोनवर जे ‘क्लबचे अधिकारी’ बोलतात त्यांचा नंबर खरा धरू नये; करारावरचा नंबर आपण होऊन लावावा. घेणारा शोधायचा तर ओळखीतला, शेजारचा, क्लबचाच दुसरा मेंबर. किंमत कमी आली तरी चालेल. मुलीला, भाच्याला हवी असेल तर नावावर करून देणं हाही चांगला व्यवहार आहे, फक्त पुढची फी त्यांना आधी सांगावी. दलाल घ्यायचाच झाला तर त्याचं कमिशन व्यवहार पुरा झाल्यावर, आलेल्या पैशांतून. घेणाऱ्याचे पैसे आपल्या खात्यात आले, बँकेत जाऊन पासबुकात उतरलेले पाहिले, की मग क्लबच्या फॉर्मवर सही. चेकचा किंवा ड्राफ्टचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. मूळ सर्टिफिकेट, कोरा सही केलेला कागद, मुखत्यारपत्र, आधारची प्रत, यातलं काहीही कुरिअरने अनोळखी पत्त्यावर पाठवू नये. आणि ‘रिसेलची मीटिंग’ म्हणून पुन्हा हॉटेलात बोलावलं तर जाऊच नये. तिथं जुनी घेतो म्हणून त्याहून मोठी नवी मेंबरशिप गळ्यात मारली जाते.

क्लब दाद देत नसेल तर बेळगावातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. करारात ‘वाद फक्त मुंबईच्या किंवा चेन्नईच्या न्यायालयात’ असं छापलेलं पाहून लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, म्हणून क्लबने लेखी नकार दिला की हातावर हात ठेवून बसू नये. एक अडचण सांगितली पाहिजे: करारातल्या अटीच अन्यायकारक म्हणून रद्द करून हव्या असतील, तर त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि त्याचं मुख्य कार्यालय बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटरवर बेंगळुरूला आहे. सत्तरीतल्या माणसाला हे जमणारं नाही. हा अधिकार जिल्हा आयोगांनाही मिळावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे.

पैसे आधीच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात. ज्या खात्यात पैसे गेले तिथून ते पुढे सरकायच्या आत कळवलं तर रक्कम गोठवता येते. मग बेळगावच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात, सगळे मेसेज, खाते नंबर, पत्रं घेऊन. काहीही पुसून टाकू नये.

इथं आपल्या भागाची एक खास अडचण येते, आणि ती मला फार टोचते. करार इंग्रजीत, पोलिसांतला कागद कन्नडमध्ये, ठगाचा फोन हिंदीत, आणि माणूस मराठी. तक्रार कुठल्या भाषेत लिहायची, ठाण्यात गेल्यावर आपलं म्हणणं कुणाला नीट कळेल का, या घालमेलीत दिवस जातात, आणि इथे तर तासाला महत्त्व. भाषेच्या हक्काचा लढा आपण १९५६ पासून चालवतो आहोत. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण तो निकाली निघेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला त्याच दिवशी ठाण्यात सोबत करणारा, कन्नडमध्ये चार ओळी नीट लिहून देणारा कुणी हवा की नको? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं, हेसुद्धा किती जणांना माहीत आहे? आपल्या पतसंस्था, वाचनालयं, महिला मंडळं, माजी सैनिकांच्या संघटना यांच्याकडे जागा आहे, माणसं आहेत आणि लोकांचा विश्वास आहे. पतसंस्थेच्या काउंटरवर वयस्कर सभासद अनोळखी खात्यावर मोठी रक्कम पाठवायला आला, तर कारकुनाने एवढं विचारावं: काका, हे पैसे कुठली वस्तू विकायसाठी भरताय काय? हो म्हणाले तर व्यवस्थापकांकडे नेऊन बसवावं, चहा द्यावा, मुलाला फोन लावू द्यावा. पैसे अडवायचा अधिकार पतसंस्थेला नसेल, विचारायचा नक्कीच आहे.

वाचनालयांनी आणि मंडळांनी महिन्यातून एक दिवस ठरवून ज्यांच्याकडे अशी मेंबरशिप पडून आहे त्यांना बोलवावं. करार वाचून दाखवावा, थकबाकी समजावून द्यावी, क्लबला जायचं पत्र तिथंच लिहून द्यावं. आणि त्याची एक प्रत दिल्लीला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जावी: क्लबचं नाव, मेंबरशिप घेतल्याचं वर्ष, भरलेली रक्कम, दरवर्षी वाढलेली फी, आणि मेंबरशिप परत घ्यायला मिळालेला नकार. बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर इथून अशी पत्रं एकत्र गेली तर हा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही, असं त्या कार्यालयाला म्हणता येणार नाही. पत्र इंग्रजीत लिहायची अडचण असेल तर कॉलेजात जाणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना या रविवारीच बसवा.